संप्रेरके, रक्तदाब आणि मूत्रपिंड : पारलिंगी व्यक्तींवरील उपचारांची पूर्वपीठिका

पारलिंगी व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा मूत्रपिंडावर व रक्तदाबावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न वैद्यकाच्या नियतकालिकांत अलीकडे चर्चिला जाऊ लागला असला, तरी त्याची घडण बरीच जुनी आहे. जन्मसमयी नोंदले गेलेले लिंग आणि स्वतःला प्रतीत होणारा लिंगभाव यांत मेळ नसलेल्या व्यक्तींच्या देहाला त्या लिंगभावाशी अनुरूप असे वळण देणे, हे या उपचाराचे प्रयोजन होय. पारलिंगी स्त्रियांना ईस्ट्रोजेन आणि बहुधा त्याच्या जोडीला टेस्टोस्टेरोनला रोखणारे एखादे औषध, व पारलिंगी पुरुषांना टेस्टोस्टेरोन, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. या विषयावरील अलीकडचे निबंध वाचत असता इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ती ही, की या उपचारातील प्रमुख औषधांपैकी एकही औषध मुळात या व्यक्तींकरिता सिद्ध झालेले नाही, आणि त्यांच्या मूत्रपिंडाचे कार्य ज्या सूत्राने मोजले जाते ते सूत्रही त्यांच्याकडे पाहून बांधलेले नाही. औषधे उसनी व मापेही उसनी, अशी ही स्थिती आहे. या उसनवारीमुळे मूत्रपिंडात खरोखर बदल झाला की केवळ माप बदलले, हे ठरविणे दीर्घकाळ अवघड होऊन बसले. हे कसे घडले, ते येथे पाहावयाचे आहे.

लैंगिक संप्रेरकांचे रसायनशास्त्र अवघ्या दहा वर्षांत उभे राहिले. ईस्ट्रोन हे संप्रेरक १९२९ साली जर्मनीत बुटेनान्ट व अमेरिकेत डॉयझी यांनी स्वतंत्रपणे वेगळे काढले. टेस्टोस्टेरोन १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे लाक्वर यांच्या प्रयोगशाळेत वेगळे झाले व त्याच वर्षी ते कृत्रिम रीतीने बनविण्यातही यश आले. १९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहोफेन व होल्वेग यांनी एथिनिल-ईस्ट्राडायॉल बनविले. तोंडाने घेतले तरी यकृतात सहजासहजी नष्ट न होणारे, असे हे ईस्ट्रोजेन होते. त्याचा हा गुण पुढे त्याचा दोष कसा ठरला, ते यथावकाश येईलच.

ही द्रव्ये उपलब्ध होताच ज्यांना त्यांची निकड होती त्यांनी ती मिळविली. इंग्लंडमधील मायकेल डिलन यांनी १९३९ च्या सुमारास टेस्टोस्टेरोन घेण्यास प्रारंभ केला. पुढे ते स्वतः वैद्य झाले, बौद्ध धर्माच्या ओढीने भारतात आले आणि १९६२ साली डलहौसी येथे निवर्तले. त्यांच्यापेक्षा अधिक गाजले ते ख्रिस्टीन जॉर्गेन्सन यांचे नाव. त्यांच्यावर कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान हाम्बुर्गर यांनी १९५० पासून उपचार केले. १ डिसेंबर १९५२ रोजी ही वार्ता न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर छापली, आणि १९५३ साली हाम्बुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्याचा शास्त्रीय वृत्तांत दिला. वार्ता पसरताच हाम्बुर्गर यांच्याकडे देशोदेशींची पत्रे आली. त्यांपैकी ४६५ व्यक्तींच्या पत्रांचा अभ्यास त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. ही मागणी किती मोठी व किती दडपलेली होती याचा तो पहिला लेखी पुरावा म्हणावा लागेल.

जॉर्गेन्सन यांची वार्ता ज्या वर्षी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, म्हणजे १९५२ साली, अमेरिकेतच आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याची वाच्यता मात्र कोठेही झाली नाही. त्याचे महत्त्व कळण्यासाठी किंचित मागे जावे लागते. स्टॉकहोम येथे टिगेरस्टेट व बेर्गमन यांनी १८९८ साली सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढविणारे द्रव्य असल्याचे दाखविले व त्यास 'रेनिन' हे नाव दिले. ही कल्पना पस्तीस वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९३४ साली क्लीव्हलंडमध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून रक्तदाब वाढवून दाखविला, तेव्हा तिच्यात पुन्हा जीव आला. १९४० च्या सुमारास ब्वेनोस आयरेस येथील ब्राउन-मेनेन्देस यांचा गट आणि इंडियानापोलिस येथील पेज व हेल्मर यांनी रेनिन हे स्वतः रक्तदाब वाढवीत नसून यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे विघटन करते व त्यातून खरे दाबकारक द्रव्य निघते, हे सिद्ध केले. त्या द्रव्यास आज आपण अँजिओटेन्सिन म्हणतो व मूळ प्रथिनास अँजिओटेन्सिनोजेन. हेच हेल्मर ग्रिफिथ यांच्या सहकार्याने १९५२ साली असे नमूद करतात, की उंदरांस ईस्ट्रोजेन दिले असता त्यांच्या रक्तातील या मूळ प्रथिनाचे प्रमाण वाढते.

एकीकडे कोपनहेगनमध्ये ईस्ट्रोजेनचा मनुष्यावर दीर्घकालीन प्रयोग, दुसरीकडे इंडियानापोलिसमध्ये ईस्ट्रोजेन व रक्तदाबयंत्रणा यांचा दुवा. परंतु ही दोन टोके एकत्र आणण्याचे निमित्त तिसऱ्याच एका औषधाने पुरविले. १९६० साली अमेरिकेत पहिल्या संततिप्रतिबंधक गोळीस मान्यता मिळाली. तीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल असे. यकृतात त्याचे एथिनिल-ईस्ट्राडायॉल होते. लक्षावधी निरोगी तरुण स्त्रिया एकच संप्रेरक रोज घेऊ लागल्या, तेव्हा त्यांतील काहींचा रक्तदाब वाढलेला आढळला. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये लाराग, सीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांचे रक्त तपासून अँजिओटेन्सिनोजेनची वाढ दाखविली, आणि गोळी बंद केल्यावर अनेकींचा रक्तदाब उतरल्याची नोंद केली. हेल्मर यांच्या उंदरांतील निरीक्षणास पंधरा वर्षांनी मनुष्यदेहात अर्थ प्राप्त झाला.

येथे कार्यकारणभाव थोडा उलगडून सांगणे इष्ट आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. तोंडाने घेतलेले औषध आतड्यांतून प्रथम यकृतात जाते आणि तेथे त्याचे प्रमाण शरीरातील अन्य कोणत्याही भागापेक्षा अधिक असते. ईस्ट्रोजेनच्या प्रभावाने यकृत अँजिओटेन्सिनोजेन अधिक बनविते, तसेच रक्त साकळविणारी काही प्रथिनेही अधिक बनविते. एथिनिल-ईस्ट्राडायॉल यकृतात टिकून राहत असल्याने त्याचा हा परिणाम विशेष तीव्र होतो. उलट, देहातील नैसर्गिक ईस्ट्राडायॉलच जर त्वचेवरील पट्टीतून दिले, तर ते यकृतास टाळून रक्तात मिसळते व हा परिणाम फारसा होत नाही. 'ईस्ट्रोजेन रक्तदाब वाढविते काय?' हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कोणते ईस्ट्रोजेन, किती आणि कोणत्या वाटेने, हे सांगितल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

गोळीच्या बाबतीत हा धडा लवकर घेतला गेला. ईस्ट्रोजेनची मात्रा पन्नास मायक्रोग्रॅमच्या खाली, पुढे वीस ते पस्तीसपर्यंत उतरली. पारलिंगी स्त्रियांच्या वाट्यास मात्र जुनीच मात्रा राहिली. ॲमस्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातील चिकित्सालय हे या उपचाराचे युरोपातील अग्रगण्य केंद्र. तेथे पारलिंगी स्त्रियांना दररोज १०० मायक्रोग्रॅम एथिनिल-ईस्ट्राडायॉल व १०० मिलिग्रॅम सायप्रोटेरोन देण्याची रीत होती. १९८९ साली याच केंद्राच्या आस्खेमन, खोरेन व एकलुंड यांनी ३०३ पारलिंगी स्त्रिया व १२२ पारलिंगी पुरुष यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात पारलिंगी स्त्रियांमध्ये नीलांत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट आढळले. त्यानंतर तेथे चाळिशी ओलांडलेल्यांना त्वचेवाटे ईस्ट्राडायॉल देण्याकडे कल झाला, आणि पुढे एथिनिल-ईस्ट्राडायॉलचा वापर या उपचारातून मागे पडत गेला. २०११ साली ९६६ पारलिंगी स्त्रियांच्या दीर्घ पाठपुराव्यावरून असे निष्पन्न झाले, की हे द्रव्य चालू असलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या विलंबाचे कारण शास्त्रीय अज्ञान हे नव्हे. १९६७ चा निबंध सर्वांना उपलब्ध होता. परंतु गोळी घेणाऱ्या स्त्रिया लक्षावधी होत्या आणि त्यांच्या बाजूने वृत्तपत्रे व विधिमंडळे बोलत होती. पारलिंगी स्त्रिया काही शेकडा, उपचार मिळतो हेच भाग्य मानणाऱ्या, आणि मात्रेविषयी तक्रार केल्यास तोही थांबेल या धास्तीत असलेल्या. स्वतःच्या रुग्णांचे मृत्यू मोजून ते छापण्याचा प्रामाणिकपणा ॲमस्टरडॅमच्या वैद्यांनी दाखविला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या उसन्या औषधाची कथा याच्या नेमकी उलट आहे. ॲल्डोस्टेरोन हे मूत्रपिंडाकरवी शरीरात मीठ राखून ठेवणारे संप्रेरक १९५३ साली सिम्प्सन, टेट व राइखस्टाइन यांच्या प्रयत्नांनी वेगळे झाले. त्यास अटकाव करणारे द्रव्य शोधण्याचे काम शिकागोनजीकच्या सर्ल कंपनीत सुरू झाले, आणि १९५७ साली कागावा व सेला यांनी स्पायरोनोलॅक्टोनचे वृत्त प्रसिद्ध केले. वर उल्लेखिलेली पहिली गोळीही याच सर्ल कंपनीची होती. काहींचा रक्तदाब वाढविणारे आणि रक्तदाब उतरविणारे, अशी ही दोन औषधे एकाच छपराखाली, दोन-चार वर्षांच्या अंतराने बाजारात आली. मूत्रल व रक्तदाबशामक म्हणून स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या पुरुषांपैकी काहींचे स्तन वाढतात, हे साठीच्या दशकातच वैद्यांच्या ध्यानी आले. हे द्रव्य टेस्टोस्टेरोनलाही त्याच्या ग्राहकस्थानी अडविते, हे त्याचे कारण. हृद्रोग्यास जो त्रास, तोच पारलिंगी स्त्रीस इष्ट. व्हँकूव्हर येथील प्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ईस्ट्रोजेनच्या बेताच्या मात्रेसह स्पायरोनोलॅक्टोनचा असा वापर वर्णिला. सायप्रोटेरोनला अमेरिकेत मान्यता कधीच मिळाली नसल्याने तेथे स्पायरोनोलॅक्टोन हेच मुख्य जोडऔषध झाले. मूळचे ते मूत्रपिंडावरचे औषध असल्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत, किंवा जे रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेत आहेत, त्यांच्या रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. उसन्या औषधाबरोबर त्याचा पूर्वस्वभावही येतो, तो असा.

टेस्टोस्टेरोनविषयी येथे थोडक्यात आटोपले तरी चालेल. १९३९ साली माँट्रिऑल येथे हान्स सेल्ये यांनी टेस्टोस्टेरोन दिल्याने उंदराचे मूत्रपिंड वाढते हे दाखविले होते. हे संप्रेरक तांबड्या पेशींचे प्रमाण व स्नायूंचे वस्तुमान वाढविते, हे सर्वश्रुत आहे. रक्तदाबावरील त्याचा परिणाम मात्र अनेक वर्षे संदिग्ध राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेस्टोस्टेरोनच्या सर्व प्रकारांच्या माहितीपत्रकात रक्तदाबवाढीची सूचना घालण्यास सांगितले, तेही संप्रेरकन्यूनता असलेल्या इतर पुरुषांवरील चाचण्यांच्या आधारे. पारलिंगी पुरुषांविषयीचे ज्ञान पुन्हा दुसऱ्याच्याच घरून आले.

प्रत्यक्ष पारलिंगी व्यक्तींचे रक्तदाब मोजून केलेल्या अभ्यासांत वॉशिंग्टन शहरातील २०२१ चा अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. त्यात ४७० व्यक्तींचा जवळजवळ पाच वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. ईस्ट्रोजेनोपचार घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दोन ते चार महिन्यांतच सरासरीने ४ ते ७.८ मिलिमीटर उतरला व पुढेही उतरलेला राहिला. टेस्टोस्टेरोन घेणाऱ्यांचा सरासरी २.६ मिलिमीटर चढला. १९६७ च्या निष्कर्षाशी हे विसंगत दिसेल. परंतु मधल्या काळात एथिनिल-ईस्ट्राडायॉल जाऊन नैसर्गिक ईस्ट्राडायॉल आले आणि त्याच्या जोडीस, निदान अमेरिकेत, रक्तदाबशामक म्हणूनच जन्मलेले औषध आले, हे ध्यानात घेतल्यास विसंगती उरत नाही. या उतारात ईस्ट्राडायॉलचा वाटा किती व स्पायरोनोलॅक्टोनचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. अमेरिका आणि युरोप यांची जोडऔषधे भिन्न असल्याने एका खंडाचे आकडे दुसऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाहीत, ही सावधगिरी विद्यार्थ्यांनी बाळगावी.

आता मापाकडे वळू. मूत्रपिंडे दर मिनिटास किती रक्तद्रव गाळतात, यास आपण गाळणदर म्हणू. तो प्रत्यक्ष मोजणे कष्टाचे असल्याने स्नायूंतून सतत बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनीन या टाकाऊ द्रव्याच्या रक्तातील पातळीवरून त्याचे अनुमान करतात. क्रिएटिनीनचा असा उपयोग १९२६ साली रेबेर्ग यांनी केला, तोही योगायोगाने कोपनहेगनमध्येच. या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. रक्तातील क्रिएटिनीन दोन कारणांनी वाढू शकते. मूत्रपिंड मंदावल्याने, किंवा स्नायू वाढल्याने. ही अडचण सूत्रांनी कशी मिटविली ते पाहण्यासारखे आहे. १९७६ साली माँट्रिऑलच्या कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी २४९ रुग्णांवरून जे सूत्र दिले ते प्रौढ पुरुषांसाठी होते; स्त्रियांसाठी उत्तर १५ टक्क्यांनी कमी करावे, एवढेच त्यांनी सांगितले. १९९९ साली अमेरिकेतील १,६२८ मूत्रपिंडरुग्णांच्या अभ्यासातून नवे सूत्र आले. त्याच्या सुटसुटीत रूपात स्त्रियांसाठी ०.७४२ हा गुणक होता आणि कृष्णवर्णीयांसाठी आणखी एक गुणक. वर्णाचा गुणक प्रखर टीकेनंतर २०२१ साली काढून टाकण्यात आला. लिंगाचा राहिला.

या गुणकाचा अर्थ काय? तो मूत्रपिंडाविषयी फारसे सांगत नाही. तो मुख्यतः स्नायूंविषयी सांगतो. सरासरी स्त्रीचे स्नायू सरासरी पुरुषापेक्षा कमी, म्हणून क्रिएटिनीन कमी, म्हणून दुरुस्ती. 'स्त्री' आणि 'पुरुष' हे शब्द सूत्रात स्नायूंच्या वस्तुमानाच्या जागी मुखत्यार म्हणून उभे आहेत. बहुसंख्य लोकांत ही मुखत्यारी निभावून जाते. ज्याने पाच वर्षे टेस्टोस्टेरोन घेतले आहे अशा पुरुषाच्या बाबतीत, जन्माच्या दाखल्यावर काहीही लिहिलेले असो, ती निभावत नाही.

यात नुसता तात्त्विक घोळ नाही. तीस वर्षांच्या पारलिंगी पुरुषाच्या १०० मिलिलीटर रक्तरसात १.२ मिलिग्रॅम क्रिएटिनीन आढळले असे समजू. २०२१ च्या सूत्रात 'पुरुष' लिहिल्यास गाळणदर सुमारे ८३ येतो आणि 'स्त्री' लिहिल्यास सुमारे ६२. एक निरोगी, तर दुसरा विकाराच्या उंबरठ्याशी. मूत्रपिंड निकामी होत चालले असेल तर हा फरक अधिक गंभीर ठरतो. त्याच वयात क्रिएटिनीन ३.८ असेल तर पुरुष म्हणून २१ आणि स्त्री म्हणून १६ असे उत्तर येते. अमेरिकेत मूत्रपिंडरोपणाच्या प्रतीक्षायादीत २० किंवा त्याखाली गाळणदर असलेल्यांचा काल गणला जातो. म्हणजे रकान्यातील एका शब्दाने रुग्ण यादीच्या आत किंवा बाहेर जातो. नेमकी अशी कोंडी झालेल्या एका पारलिंगी पुरुषाची हकीकत २०१७ साली चिकित्सा-रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्धही झाली आहे.

कॅनडातील संशोधकांनी २०२२ साली तोवरच्या अभ्यासांचे एकत्र गणित मांडले. बारा महिन्यांच्या टेस्टोस्टेरोननंतर ४८८ पारलिंगी पुरुषांत क्रिएटिनीन सरासरी ०.१५ मिलिग्रॅमने वाढले. ५९३ पारलिंगी स्त्रियांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ही वाढ मूत्रपिंडाची की स्नायूंची, हे क्रिएटिनीनवरून कळणे शक्यच नव्हते. म्हणून २०२३ साली नेदरलँड्स व बेल्जियममधील गटाने स्नायूंवर अवलंबून नसलेल्या सिस्टॅटिन-सी या प्रथिनाचा आधार घेतला. एका वर्षाच्या उपचाराने पारलिंगी स्त्रियांत त्यावरून काढलेला गाळणदर सुमारे ७ ने वाढला आणि पारलिंगी पुरुषांत सुमारे ६ ने घटला. मूत्रपिंडे खरोखरच काही प्रमाणात संप्रेरकांना प्रतिसाद देतात, अशी शंका यामुळे बळावते. तथापि चरबी व अवटुग्रंथी यांचा सिस्टॅटिन-सीवर प्रभाव पडतो, आणि संप्रेरके या प्रथिनाच्या निर्मितीसच हात लावीत नसतील असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे माप पहिल्यापेक्षा बरे असले, तरी तेही अनुमानच होय. २०२३ सालीच युरोपातील पोटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टॅटिन-सीवर आधारलेले, वर्ण व लिंग या दोहोंना वगळलेले सूत्र प्रसिद्ध केले. लिंगाचा रकाना अनिवार्य नाही, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडील वाचकांस हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. शिजविलेले मांस खाण्यानेही क्रिएटिनीन वाढते. ज्यांच्या आहारात मांस नाही व ज्यांचे स्नायू बेताचेच आहेत, त्यांच्या बाबतीत पाश्चात्त्य रुग्णांवरून बांधलेली सूत्रे गाळणदर प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकतात. पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात उघडी पडलेली सूत्राची ही उणीव त्यांच्यापुरती मर्यादित नाही.

व्यवहारात काय करावे, याविषयी मतभेद आहेत. नोंदलेले लिंग धरावे असे काही म्हणतात, तर संप्रेरकांचा काल सहा महिन्यांहून अधिक झाल्यास लिंगभाव धरावा असे इतर काही. प्रस्तुत लेखकास दोन्ही पक्ष एकाच चुकीचे वाटतात, कारण दोघेही मुखत्याराविषयी वाद घालतात, मूळ मालकाविषयी नव्हे. औषधाची मात्रा, रोपण अथवा मूत्रपिंडदान यांपैकी काही अवलंबून नसेल तर दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून पुढील तपासणीत कल पाहणे पुरेसे आहे. अवलंबून असेल तर सिस्टॅटिन-सी तपासावे, आणि तरीही संदेह राहिल्यास आयोहेक्सॉलसारखे द्रव्य शिरेवाटे देऊन गाळणदर प्रत्यक्ष मोजावा. त्यास काही तास व थोडा खर्च लागतो. केवळ सूत्रातून आलेल्या एका आकड्यावरून संप्रेरके बंद करण्याचा सल्ला त्याआधी देऊ नये.